‘पोप म्हणाले’ एवढ्यावर थांबू नका : ख्रिस्तसभेच्या शिकवणीचं वजन कसं तोलावं

सोलापुरात चादर घेणारा जाणता माणूस आधी ती हातात उचलून पाहतो, मग लेबल उलटून वाचतो. वजन आणि लेबल जुळलं तरच पैसे काढतो. ख्रिस्तसभेच्या नावाने फोनवर येणाऱ्या मजकुराला हीच सवय लावली, तर निम्मे वाद घराच्या उंबऱ्यावरच मिटतात. ‘पोपनी सांगितलं’, ‘चर्चने बंदी घातली’, ‘व्हॅटिकनने मान्यता दिली’ ही वाक्यं दिसायला सारखी असली, तरी त्यांच्यामागे कधी श्रद्धेचा अढळ सिद्धांत असतो, कधी बदलता येणारा नियम, तर कधी विमानात पत्रकाराला दिलेलं उत्तर.

धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे, धर्मग्राम (पॅरिश) परिषदेवर बसणारे आणि एक जोडीदार कॅथलिक व दुसरा सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) अशी घरं, यांना समोर ठेवून हे लिहिलं आहे.

आधी शब्द नीट करा

सोलापुरातल्या ख्रिस्ती समाजात अमेरिकन मिशनचा वारसा मोठा आहे. त्या घरांत ‘मंडळी’ हा शब्द चालतो, कॅथलिक घरांत ‘ख्रिस्तसभा’. दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत असं वाटतं आणि घोळ तिथेच सुरू होतो. ‘मंडळी’ म्हणताना ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा रविवारी एकत्र जमणारे विश्वासणारे आणि त्यांचे पाळक येतात. कॅथलिक शिकवणीत ‘ख्रिस्तसभा’ म्हणजे डोळ्यांना दिसणारी, बिशप आणि पोप असलेली संस्था, आणि त्याच वेळी ख्रिस्ताचं गूढ शरीर. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेच्या, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेच्या, ‘लुमेन जेन्सियुम’ या ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानाचा परिच्छेद ८ सांगतो की या दोन वेगळ्या वस्तू नाहीत, मानवी आणि दैवी घटकांनी मिळून झालेलं ते एकच वास्तव आहे.

याच संविधानातला प्रकरणांचा क्रम वर्गात अवश्य दाखवा. पहिलं प्रकरण ख्रिस्तसभेच्या गूढाचं, दुसरं देवाच्या प्रजेचं, आणि बिशपांचं प्रकरण येतं तिसरं. हा क्रम महासभेने चर्चेअंती जाणूनबुजून ठरवला. आधी स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेली सगळी प्रजा, मग तिच्या सेवेसाठी अधिकार. म्हणून ‘चर्च काय म्हणतं?’ असं विचारून फक्त फादरांकडे बोट दाखवणारा माणूस अर्धंच बोलत असतो. मात्र याचा उलटा अर्थही काढू नका. परिच्छेद १० सांगतो की सर्वांचं सामाईक याजकपण आणि दीक्षित धर्मगुरूंचं याजकपण यांत फक्त कमी-जास्तीचा नाही, स्वरूपाचाच फरक आहे.

चार प्रश्न

कोणतंही विधान आलं की क्रमाने विचारा : कोण बोललं? कशातून बोललं? कोणत्या शब्दांत? हे पूर्वी किती वेळा सांगितलं गेलं? शेवटचे तीन निकष आमच्या डोक्यातून आलेले नाहीत. पोपच्या शिकवणीमागचा हेतू दस्तऐवजाच्या स्वरूपावरून, पुनरुक्तीवरून आणि बोलण्याच्या पद्धतीवरून ओळखावा, असं ‘लुमेन जेन्सियुम’चा परिच्छेद २५ च सांगतो.

*कोण बोललं?* सरकारी उतरंडीची सवय असलेला माणूस इथे चटकन एक चित्र उभं करतो : पोप म्हणजे मुख्यमंत्री, आर्चबिशप म्हणजे विभागीय आयुक्त, बिशप म्हणजे कलेक्टर, फादर म्हणजे तलाठी. हे चित्र सोयीचं आहे आणि चुकीचं आहे. बिशप पोपचा नेमलेला कलेक्टर नव्हे. परिच्छेद २७ म्हणतो की बिशप आपला धर्मप्रांत (डायोसिस) ख्रिस्ताचे प्रतिनिधी म्हणून चालवतात, त्यांना पोपचे प्रतिनिधी समजू नये. बिस्मार्कच्या सरकारने बिशप आता पोपची बाहुली झाले असा आरोप केला, तेव्हा जर्मन बिशपांनी १८७५ मध्ये तो संयुक्त निवेदनाने खोडून काढला आणि पोप नववे पायस यांनी त्या निवेदनाला दुजोरा दिला. दुसऱ्या बाजूने, पोपना संपूर्ण ख्रिस्तसभेवर पूर्ण आणि थेट अधिकार आहे, आणि बिशपांचं मंडळ आपल्या प्रमुखाशिवाय अधिकार चालवू शकत नाही. परिच्छेद २२ मध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. एक उचलून दुसरी टाकली की शिकवण लंगडी होते.

सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं, आणि पुणे धर्मप्रांत मुंबईच्या आर्चबिशपांच्या प्रांतात. पण म्हणून मुंबईचे आर्चबिशप पुण्याच्या बिशपांचे ‘साहेब’ ठरत नाहीत. महानगर आर्चबिशपांचे अधिकार देखरेखीपुरते मर्यादित आहेत. कार्डिनल हाही दीक्षेचा वेगळा दर्जा नव्हे. दीक्षेच्या पायऱ्या तीनच : डीकन, धर्मगुरू, बिशप.

राष्ट्रीय बिशप परिषदेचं पत्रक आलं, तर १९९८ चा ‘आपोस्तोलोस सुओस’ हा दस्तऐवज आठवा. परिषदेने केलेली श्रद्धाविषयक घोषणा परिषदेच्या नावाने अधिकृत शिकवण ठरण्यासाठी बिशपांचं एकमत लागतं. एकमत नसेल तर निदान दोन तृतीयांश बहुमत आणि वर रोमची मान्यता लागते. परिषदेच्या एखाद्या समितीच्या पत्रकाला हे वजन नसतं.

व्हॅटिकनच्या खात्यांत श्रद्धा-सिद्धांत खातं सर्वांत वजनदार. त्याचा कागद वाचताना शेवटचा परिच्छेद आधी पाहा. पोपनी साधी संमती दिली असेल तर कागद खात्याचाच राहतो. विशेष स्वरूपात म्हणजे ‘इन फोर्मा स्पेसिफिका’ संमती दिली असेल, तर तो पोपचा स्वतःचा कागद बनतो. आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोग मात्र सल्लागार आहे. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांबद्दल त्याने २००७ मध्ये लिहिलेला अभ्यास वाचण्यासारखा आहे, पण तो सिद्धांत नव्हे. अर्थात अशी बाळं स्वर्गाबाहेर एका वेगळ्या अवस्थेत राहतात हा ‘लिंबो’चा विचारसुद्धा कधी सिद्धांत नव्हता. अशा बाळांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेच्या स्वाधीन करते, असं कॅटेकिझमचा, म्हणजे ख्रिस्तसभेच्या अधिकृत धर्मशिक्षण-ग्रंथाचा, परिच्छेद १२६१ सांगतो. बाळ गमावलेल्या आईशी बोलताना एवढं तरी अचूक ठाऊक असावं.

*कशातून बोललं?* इथे मराठी भाषाच पाय घसरवते. एन्सायक्लिकलचं, म्हणजे पोपनी ख्रिस्तसभेला लिहिलेल्या औपचारिक पत्राचं, भाषांतर ‘परिपत्रक’ असं होतं, आणि झेडपीत काम केलेल्याला परिपत्रक म्हणजे जीआरपेक्षा हलका, पुढच्या महिन्यात बदलणारा कागद वाटतो. ख्रिस्तसभेत एन्सायक्लिकल ही पोपच्या नेहमीच्या शिकवणीतली फार वजनदार गोष्ट आहे. ढोबळ उतरंड अशी : महासभेची संविधानं सर्वांत वर, मग एन्सायक्लिकल, प्रेषितीय प्रबोधन, प्रेषितीय पत्र, त्यानंतर बुधवारची प्रवचनं आणि रविवारच्या दूतप्रार्थनेआधीचे चार शब्द. मुलाखत सर्वांत खाली. ‘मोतु प्रोप्रियो’, म्हणजे पोपनी स्वतःच्या पुढाकाराने काढलेला कागद, बहुधा कायदा करतो, सिद्धांत सांगत नाही.

*कोणत्या शब्दांत?* ही उतरंड एकटी पुरत नाही. जॉन पॉल दुसरे यांचं २२ मे १९९४ चं ‘ओर्दिनातियो साचेर्दोतालिस’ हे दिसायला छोटं प्रेषितीय पत्र. पण स्त्रियांना गुरुदीक्षा देण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला नाही आणि हा निर्णय सर्व श्रद्धावंतांनी निश्चितपणे धरून ठेवायचा आहे, असे शब्द त्यात आहेत. ‘निश्चितपणे धरायचा’ या शब्दांनी छोट्या पत्राला कित्येक लांबलचक कागदांपेक्षा जास्त वजन आलं. पुढच्या वर्षी श्रद्धा-सिद्धांत खात्यानेही स्पष्ट केलं की ही शिकवण श्रद्धेच्या ठेव्यातली आहे. म्हणून ‘आम्ही घोषित करतो, व्याख्या करतो’ आणि ‘निश्चितपणे धरावं’ हे शब्द वेगळे काढा. ‘आवाहन करतो’, ‘विचार व्हावा’, ‘योग्य वाटतं’ हे वेगळे ठेवा.

*किती वेळा?* एकदा बोललेलं आणि अनेक शतकं, अनेक पोपनी, जगभरच्या बिशपांनी सांगितलेलं, यांत फरक पडतो. इथे अडाखा बांधण्यापेक्षा कॅटेकिझममधल्या त्या परिच्छेदाच्या तळटिपा वाचा. तीन-चार वेगवेगळ्या शतकांतले संदर्भ दिसले की परंपरा किती खोल आहे ते कळतं.

मग विधान कोणत्या ढिगात टाकायचं?

१९८९ च्या श्रद्धा-अंगीकाराच्या (श्रद्धेच्या जाहीर कबुलीच्या) शेवटी तीन परिच्छेद आहेत, आणि कॅनन कायद्याची, म्हणजे ख्रिस्तसभेच्या अंतर्गत कायद्याची, ७५० आणि ७५२ ही कलमं त्यांच्याशी जुळतात. त्यांवरून तीन ढीग होतात. चौथा शिस्तीचा.

पहिला ढीग, देवाने प्रकट केलेलं आणि ख्रिस्तसभेने तसं म्हणून मांडलेलं : त्रैक्य, पुनरुत्थान, ख्रिस्तशरीरातली प्रभूची खरी उपस्थिती, मरियामातेचं स्वर्गोन्नयन. इथे उत्तर श्रद्धेचं. दुसरा ढीग, प्रकटीकरणाशी इतक्या घट्ट जोडलेलं की निश्चितपणे धरायचं. वरचं १९९४ चं पत्र इथे. तिसरा ढीग, पोप किंवा बिशपमंडळाने शिकवलेलं, पण अंतिम व्याख्या न केलेलं. इथे मनाचा आणि बुद्धीचा आदरपूर्वक स्वीकार अपेक्षित आहे.

सर्वांत जास्त चुका तिसऱ्या ढिगात होतात. ‘अचूक म्हणून जाहीर केलेलं नाही, म्हणजे फक्त मत आहे’ असं म्हणून काहीजण तो केरात टाकतात. काहीजण तो उचलून पहिल्या ढिगात ठेवतात आणि प्रश्न विचारणाऱ्याला पाखंडी ठरवतात. दोन्ही चूक. १९९० ची ‘दोनुम वेरितातिस’ ही सूचना मान्य करते की अशा काही कागदांत उणिवा राहिलेल्या असू शकतात, पण म्हणून शिकवणीकडे संशयानेच पाहण्याची परवानगी ती देत नाही. अभ्यासकाला अडचण असेल तर त्याने ती जबाबदारीने, योग्य अधिकाऱ्यांपुढे मांडावी. वर्तमानपत्रातून दबाव आणणं हा मार्ग नव्हे.

चौथ्या ढिगात शुक्रवारी मांसाहार टाळणं, लॅटिन ख्रिस्तसभेतल्या धर्मगुरूंचं ब्रह्मचर्य, उपवासाची वयं. हे पाळायचं असतं, पण ते बदलू शकतं. युक्रेनच्या आणि लेबनॉनच्या पूर्वेकडील कॅथलिक ख्रिस्तसभांत विवाहित पुरुषांना आजही गुरुदीक्षा मिळते, आणि त्याही पोपशी पूर्ण ऐक्यात आहेत. एवढं एक उदाहरण दिलं की सिद्धांत आणि शिस्त यांतला फरक दहावीच्या पोरालाही कळतो.

लूर्द, फातिमा यांसारखी मरियामातेची दर्शनं या चारपैकी कुठेच बसत नाहीत. मान्यता मिळालेल्या दर्शनावरही विश्वास ठेवण्याचं बंधन नसतं. नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) मनापासून करा. न करणाऱ्या शेजाऱ्याची श्रद्धा त्यावरून मोजू नका.

पोपची अस्खलनीयता : सर्वांत जास्त ताणला जाणारा शब्द

१८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन महासभेने ‘पास्तोर एतेर्नुस’मध्ये घातलेल्या अटी मोजून सांगा. पोप सर्व ख्रिस्ती लोकांचे मेंढपाळ आणि शिक्षक म्हणून, म्हणजे ‘एक्स काथेद्रा’, बोलत असले पाहिजेत. विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा असला पाहिजे. आणि ही शिकवण संपूर्ण ख्रिस्तसभेने धरावी असा निर्णय ते देत असले पाहिजेत. एक जरी अट गळली तरी ती व्याख्या होत नाही. कॅनन कायद्याचं कलम ७४९ आणखी पुढे जातं : स्पष्टपणे सिद्ध झाल्याशिवाय कोणतीही शिकवण अचूकपणे व्याख्यात झाली असं समजू नये. शंका असेल तर उत्तर ‘नाही’.

उदाहरणं विचारली तर दोन द्या : १८५४ चा निष्कलंक गर्भसंभव (मरियामाता गर्भात आल्या क्षणापासून आदिपापापासून मुक्त होती ही शिकवण) आणि १ नोव्हेंबर १९५० चं स्वर्गोन्नयन. पोप क्रिकेटबद्दल, हवामानाबद्दल, निवडणुकीबद्दल चुकू शकतात. ते पापही करू शकतात आणि पापनिवेदनाला जातात. अस्खलनीयता म्हणजे पवित्रतेचं प्रमाणपत्र नव्हे.

‘पास्तोर एतेर्नुस’मधलं एक वाक्य हमखास गैरसमज करून देतं : अशा व्याख्या ‘स्वतःहून, ख्रिस्तसभेच्या संमतीमुळे नव्हे’ अपरिवर्तनीय असतात. याचा अर्थ मागाहून कुणाच्या मंजुरीची गरज नाही, इतकाच. पोप कुणाला न विचारता उठून बोलतात असा नाही. १९५० च्या घोषणेआधी पोप बारावे पायस यांनी १९४६ मध्ये जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून त्यांचं आणि त्यांच्या लोकांचं मत विचारलं होतं. पोप नववे पायस यांनीही १८४९ मध्ये तेच केलं होतं. आणि शिकवण्याचा अधिकार देववचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेच्या ‘देई वेरबुम’ या संविधानाच्या परिच्छेद १० मध्ये लिहिलेलं आहे. सीएनआयमधल्या मामांशी बोलताना हा परिच्छेद सोबत ठेवा. त्यांचा पहिला आक्षेप बहुधा त्याच जागी असतो.

मिश्र घरांत : ‘ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही’ म्हणजे काय?

हे वाक्य उघडं टाकलं की घरात जेवण थंड होतं. म्हणून ते कधीही एकटं उच्चारू नका. ‘लुमेन जेन्सियुम’चे १४, १५ आणि १६ हे परिच्छेद सलग वाचा. १४ म्हणतो : ख्रिस्तामार्फत देवाने ख्रिस्तसभा आवश्यक केली आहे हे जाणूनही जो तिच्यात येण्याचं किंवा राहण्याचं नाकारतो, त्याला तारण नाही. ‘जाणूनही’ हा शब्द इथला कणा आहे. १५ स्नानसंस्कार झालेल्या इतर ख्रिस्ती लोकांशी असलेलं नातं सांगतो. १६ सांगतो की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता ठाऊक नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. या वाक्याचा कडक, शब्दशः अर्थ लावणाऱ्या बॉस्टनच्या फादर लेनर्ड फीनी यांची भूमिका रोमने १९४९ च्या पत्रात नाकारली. उत्साहाच्या भरात फीनींच्या बाजूला जाऊन उभे राहू नका.

‘मग आमची मंडळी खरी नाही का?’ या प्रश्नाचं उत्तर नेमकं द्या. ख्रिस्ताची ख्रिस्तसभा कॅथलिक ख्रिस्तसभेत ‘सुब्सिस्तित’, म्हणजे टिकून, पूर्णत्वाने वसलेली आहे, असं परिच्छेद ८ म्हणतो. पवित्रतेचे आणि सत्याचे पुष्कळ घटक तिच्या दृश्य सीमेबाहेरही आहेत, असं त्याच परिच्छेदात पुढे येतं. बिशपांची प्रेषितीय परंपरा आणि संपूर्ण ख्रिस्तशरीर-संस्कार जिथे जपला गेला नाही, त्या समाजांना श्रद्धा-सिद्धांत खात्याचा २००० चा ‘दोमिनुस येसुस’ हा कागद काटेकोर अर्थाने ‘चर्च’ न म्हणता ‘चर्चीय समाज’ म्हणतो. हे ऐकणाऱ्याला टोचतं, लपवू नका. पण त्याच श्वासात हेही सांगा की त्यांचा बाप्तिस्मा ख्रिस्तसभा खरा मानते.

तिथून पुढचं काम व्यवहाराचं. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा झालेला जोडीदार कॅथलिक व्हायला आला, तर त्याचा पुन्हा बाप्तिस्मा करत नाहीत. दाखला पाहतात, श्रद्धा-अंगीकार करून घेतात, दृढीकरण देतात. फक्त ‘येशूच्या नावाने’ बाप्तिस्मा देणारे काही गट आहेत, तिथे त्रैक्याचं सूत्र वापरलं होतं का हे विचारावंच लागतं. त्यासाठी नुसता दाखला पुरत नाही, साक्षीदाराला विचारा. मिश्र विवाहाला परवानगी लागते. मुलांचा स्नानसंस्कार कॅथलिक ख्रिस्तसभेत व्हावा म्हणून शक्य ते सगळं करण्याचं वचन कॅथलिक जोडीदार देतो. दुसऱ्याला ते कळवतात, त्याची सही मागण्याचं कारण नाही. जोडीदाराचा बाप्तिस्माच झालेला नसेल, तर परवानगी पुरत नाही, सूट लागते. कागद पुण्याला जाऊन यायला वेळ लागतो, हॉल आधी बुक करून मग धावपळ करू नका.

फॉरवर्ड तपासण्याची पाच मिनिटं

आकड्यांपासून सुरुवात करा. कॅटेकिझम २८६५ परिच्छेदांत संपतो, कॅनन कायदा १७५२ कलमांत, ‘लुमेन जेन्सियुम’ ६९ परिच्छेदांत, ‘देई वेरबुम’ २६ मध्ये. ‘कॅटेकिझम ३०१२’ असं दिसलं की पुढे वाचायचं कारणच नाही. संदर्भ पान-क्रमांकाचा नको, परिच्छेद-क्रमांकाचा हवा. पानं आवृत्तीगणिक बदलतात.

मग आवृत्ती पाहा. मृत्युदंडावरचा परिच्छेद २२६७ २०१८ मध्ये बदलला, तेव्हा धर्मग्रामाच्या कपाटातली जुनी प्रत इथे जुनंच सांगणार. कॅनन कायद्याचा शिक्षांविषयीचा सहावा खंड ८ डिसेंबर २०२१ पासून नव्याने लागू आहे. व्हॅटिकनच्या खात्यांच्या नावांतून २०२२ पासून ‘कॉंग्रिगेशन’ गेलं आणि ‘डिकास्टरी’ आलं. नव्या तारखेच्या पत्रावर जुन्या खात्याचं नाव असेल तर कान टवकारा. मूळ मजकूर व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर मिळतो. अधिकृत राजपत्राचं काम १९०९ पासून ‘आक्ता आपोस्तोलिचे सेदिस’ करतं. शब्दावरून वाद असेल तर बहुधा लॅटिन प्रमाण, मराठी भाषांतर समजण्यासाठी.

वर्गात हे बसवायला बारा चिठ्ठ्या आणि एक तास पुरतो. प्रत्येक चिठ्ठीवर एकच विधान लिहा, जमिनीवर चार कोपरे आखा, मुलांना जोडीने चिठ्ठी योग्य ढिगात ठेवायला सांगा, आणि ‘का’ विचारल्याशिवाय पुढची देऊ नका. निदान दोन चिठ्ठ्या अशा ठेवा ज्या कुठल्याच ढिगात बसत नाहीत : एक लिंबोची, एक मुलाखतीतल्या वाक्याची. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं असतील तर ‘सिद्धांत’, ‘शिस्त’, ‘मत’ हे तीन शब्द आधी त्यांच्या भाषेत विचारून घ्या, नाहीतर खेळ शब्दांवरच अडतो.

कारभाराच्या निर्णयावर आक्षेप असेल तर

शिकवण्याचा अधिकार आणि कारभाराचा अधिकार एकत्र कालवू नका. हॉलचं भाडं वाढवणं ही श्रद्धेची बाब नव्हे. कलम २१२ नुसार ज्ञान आणि पात्रता यांच्या प्रमाणात आपलं मत मेंढपाळांपुढे मांडण्याचा श्रद्धावंतांना हक्क आहे, आणि कधी कधी ते कर्तव्यही आहे. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणं कलम ५३७ ने बंधनकारक केलंय. पाळकीय परिषद, म्हणजे धर्मग्राम परिषद, मात्र सल्ल्यापुरती आहे, तिच्या बहुमताने फादर बांधले जात नाहीत. हे माहीत नसल्यामुळे सभांमध्ये उगाच हात वर करून मोजणी चालते.

लेखी आदेशाविरुद्ध दाद मागायची तर दिवस मोजा. आदेश धर्मगुरूंचा असेल तर थेट बिशपांकडे जाता येतं, मुदत आदेश मिळाल्यापासून १५ उपयुक्त दिवस. आदेश बिशपांचाच असेल तर आधी १० उपयुक्त दिवसांत त्यांनाच लेखी विनंती करायची की तो मागे घ्यावा किंवा दुरुस्त करावा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुढच्या १५ उपयुक्त दिवसांत रोमच्या संबंधित खात्याकडे. ‘उपयुक्त’ म्हणजे ज्या दिवसांत तुम्हाला हक्क ठाऊक होता आणि कृती करणं शक्य होतं, ते दिवस. बरेच अर्ज मुंबईच्या आर्चबिशपांना पाठवण्यात वाया जातात, कारण या कामात ते पुण्याच्या बिशपांचे वरिष्ठ नाहीत, आणि तोवर मुदत टळते. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोहोच जपून ठेवा, आणि मूळ आदेशाच्या प्रतीवर तो हाती आल्याची तारीख त्याच दिवशी पेनाने लिहून ठेवा.